रबराचा राक्षस आणि झाडीपट्टीचा टोमणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या एका वाचकाने ‘अल्ट्रामॅन’ या जुन्या जपानी मालिकेवर लिहिलं आहे. सुट्टीत घरची मुलं मोबाईलवर ही मालिका पाहत बसली होती, म्हणून त्यांनीही सोबत बसून तीन-चार भाग पाहिले आणि वैतागून टिपण धाडलं. वैतागायचा त्यांना हक्क आहे. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की रबराचे राक्षस, पुठ्ठ्याच्या इमारती आणि उगाच घसा फोडणारी माणसं पाहून आपण झाडीपट्टीच्या (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकाला येऊन बसलो की काय, असं वाटलं.

आमच्या गावात पेपर चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचला जातो. वाचणाऱ्याने हे वाक्य माझ्याकडे बघत दोनदा वाचलं. वर म्हणाला, “घ्या भाऊ, तुमचं नाव जपानले गेलं.” सगळे हसले, मीही हसलो. चहाचे पैसे मात्र त्यालाच द्यायला लावले.

मी झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांसाठी मुखवटे, मुकुट, खोटी मुंडकी, तुटणारे हात असली कामं करतो. एकदा पेटणारा रथही करून दिला होता, तो ठरल्यापेक्षा जास्त पेटला. ब्रह्मपुरीहून वडशाला जाताना वैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. दिवाळी झाली, धानकापणी आटोपली की मंडई म्हणजे गावोगावची जत्रा सुरू होते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, आणि गावोगावी रात्री दहाला नाटकाचा पडदा उघडतो तो पहाटे पडतो. होळीपर्यंत हा सीझन. पावसाळ्यात मी घरी बसून कागदाचा लगदा कुटतो, त्यात चिंचोक्याची खळ घालतो आणि मुखवटे चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकतो. उन्हात वाळवलेला मुखवटा बरा की धुरात वाळवलेला, यावर माझं आणि बायकोचं तीस वर्षांचं भांडण आहे. धुरातला टिकतो. पण घालणारा रात्रभर शिंकतो.

तर या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं धरून लिहितो. टिपण लिहिणाऱ्यांनी तीन-चार भाग पाहिले, मी एकोणचाळीसही पाहिले. यंदा जूनमध्ये पाऊस लांबला, धानाची रोवणी अडकली, आणि नागपूरहून सून नातवाला घेऊन आली होती. नातू नऊ वर्षांचा. मोबाईल उभा करायला मी त्याला मुकुटाचा पत्रा वाकवून स्टँड करून दिला, त्या बदल्यात त्याने मला शेजारी बसू दिलं. खालच्या इंग्रजी ओळी सून वाचून सांगायची. ज्या गोष्टीचं मला नवल वाटे ती रात्री नेटवर शोधूनही द्यायची. पुढे जी नावं आणि आकडे येतील ते तिच्या मेहनतीचे, चुका माझ्या.

जपानी मारामारी मला अगदीच नवी नव्हती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा, तो ग्रामपंचायतीच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर आम्ही उभ्याने पाहिलाय. मनगटावरच्या घड्याळात बोलून एक पोरगा आख्खा लोखंडी रोबोट उडवतो, एवढंच आठवतं. आणि अँटेना धरून छपरावर उभा राहिलेला मित्र आठवतो, त्याला एकही भाग दिसला नाही.

आता अल्ट्रामॅनकडे येतो. ही मालिका १७ जुलै १९६६ ते ९ एप्रिल १९६७ या काळात जपानच्या टीबीएस वाहिनीवर चालली. बनवली त्सुबुराया प्रॉडक्शन्सने. एइजी त्सुबुराया म्हणजे १९५४ च्या ‘गॉडझिला’ची सगळी करामत ज्यांनी केली ते. गोष्ट अशी : दुसऱ्या ग्रहाचा एक उंच, रुपेरी-लाल प्राणी एका राक्षसाच्या मागे पृथ्वीवर येतो आणि येताना हयाता नावाच्या वैमानिकाच्या विमानाला धडकतो. माणूस मरतो. पाहुण्याला वाईट वाटतं आणि तो आपला जीव त्याच्या जिवात मिसळून देतो. तेव्हापासून संकट आलं की हयाता हातातली नळी वर धरतो आणि अल्ट्रामॅन होतो. पृथ्वीवर त्याची ताकद भराभर संपते. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की समजायचं, आता आटपा. ही मुदत तीन मिनिटांची, असं सगळीकडे म्हणतात.

टिपणात पहिली तक्रार आहे की आत माणूस आहे हे कळतं. हो, कळतं. आमच्या बकासुरातही माणूस आहे हे पुढच्या रांगेतल्या दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. तरी ते रडतं. टिपणाच्या लेखकांनी यावर थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.

मी स्वतः बाविसाव्या वर्षी बकासुर केलेला आहे. गादीचा फोम, बारदाना, वरून रंगवलेलं रेक्झिन, आणि डोक्यावर साडेतीन किलोचा मुखवटा. डोळ्यांची भोकं डोळ्यांसमोर नसतात. ती असतात गालांवर, कारण मुखवट्याचे डोळे मोठे हवेत आणि ते कपाळावर जातात. दुसऱ्या अंकात मुखवटा घामाने घसरला आणि मला उजवीकडचं दिसेना. भीमावर धावून जायच्या ऐवजी मी हार्मोनियमवाल्यावर धावून गेलो. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या.

म्हणून मी या मालिकेत आधी काय पाहिलं तर भोकं. अल्ट्रामॅनच्या अंड्यासारख्या डोळ्यांत खालच्या बाजूला बारीक छिद्रं आहेत. ज्या चित्रकाराने हे रूप काढलं त्या तोरू नारिता यांना ती छिद्रं पसंत नव्हती. छातीवरचा दिवाही त्यांच्या चित्रात नव्हता, तो नंतर लावला गेला आणि त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. मला नारितांचं पटतं, पण पोशाखात शिरणाऱ्या माणसाचंही पटतं. ठेच लागून पडलेला देव कोणाला हवा? आणखी एक गोष्ट मी सुनेने न सांगता ओळखली. सुरुवातीच्या भागांत अल्ट्रामॅनच्या तोंडाशी सुरकुत्या पडतात. मी म्हटलं, हे लवचीक ठेवलंय, ओठ हलवायचा बेत असणार आणि तो फसला असणार. पुढे मुखवटा बदलला, गुळगुळीत आणि टणक झाला. तिने रात्री शोधलं, तसंच निघालं. त्या दिवशी मला घरात जरा मान होता.

पोशाखाच्या आत होते बिन फुरुया. सडपातळ, लांब पायांचे. नारितांनी त्यांना या अंगकाठीसाठीच निवडलं. नटाला तोंड दाखवायचं असतं, आणि अल्ट्रामॅन म्हणून यांचं तोंड पूर्ण मालिकाभर झाकलेलं. ते काम सोडायला निघाले होते. बसमध्ये काही पोरं अल्ट्रामॅनबद्दल भान हरपून बोलत होती, ते त्यांनी ऐकलं आणि सोडायचा विचार सोडला. पुढच्या ‘अल्ट्रा सेव्हन’मध्ये त्यांना उघड्या चेहऱ्याची भूमिका मिळाली. हे ऐकून मी उठून अंगणात चक्कर मारून आलो. कारण मीही एकदा सोडलं होतं, आणि परत आणलं ते असल्याच पोरांनी. शंकरपटात माझ्या मागे उभी राहून ती आदल्या रात्रीच्या राक्षसाची नक्कल करत होती. माझ्यापेक्षा चांगली करत होती.

फुरुया वाकून उभे राहतात, गुडघे मोडून, हात पुढे, झडप घालायच्या बेतात. ती ऐट त्यांनी जेम्स डीन या अमेरिकन नटाच्या एका सिनेमातल्या चाकूच्या मारामारीवरून उचलली. मुखवट्याला हावभाव नसतात, म्हणून पाठीला हावभाव द्यावे लागतात. झाडीपट्टीतला जुना नट नवख्याला हेच सांगतो, “तोंडानं नाही रे, खांद्यानं बोल.” टिपण लिहिणाऱ्यांना यात नुसतं रबर दिसलं.

इमारती पुठ्ठ्याच्या म्हणजे खोट्या, हे खरं. पण नीट पाहा, पडताना त्या सावकाश पडतात. कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्र घ्यायचं आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं, म्हणजे हातभर उंचीच्या भिंतीला दहा मजल्यांचं वजन येतं. आम्हाला रंगमंचावर ही सोय नाही. आम्ही दिवे मंद करतो, ढोलकीवाला ठेका अर्ध्यावर आणतो आणि नट पाय उशिरा टेकवतो. त्सुबुरायांनी कॅमेऱ्यातून जे वजन आणलं ते आमच्याकडे ढोलकीवाला आणतो, आणि त्याला त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

पैशावरून आठवलं. या मालिकेत एक जिरास नावाचा राक्षस आहे, गळ्याभोवती मोठी झालर असलेला. मारामारीत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो, आणि खालून निघतो चक्क गॉडझिला! पोशाख त्याचाच, झालर लावून परत वापरलेला. आणखी एक पोशाख आधी एका चित्रपटातल्या राक्षसाचा होता. दूरचित्रवाणीवर आल्यावर डोकं आणि रंग बदलून त्याचे आणखी चार राक्षस झाले. मी पोट धरून हसलो. माझा हिरण्यकशिपूचा मुकुट गेली अकरा वर्षं कंसालाही चालतो आणि रावणालाही. फक्त समोरचा आरसा बदलावा लागतो, नाहीतर चांदूरच्या मंडईतले जाणकार ओळखतात.

आणि नारितांनी राक्षसांसाठी स्वतःवर काही बंधनं घालून घेतली होती : नुसता मोठा केलेला प्राणी नको, दोन डोकी चार हात असली विद्रूप जोडाजोड नको, रक्त गळणाऱ्या जखमा नकोत. रयोसाकू ताकायामा नावाच्या शिल्पकाराने ते राक्षस घडवले. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत रक्ताच्या पिशव्यांचा सुकाळ झालाय. प्रत्येक नाटकात तीन खून, प्रत्येक खुनाला अर्धा लिटर. मीच बनवून देतो, म्हणून मला बोलायचा अधिकार नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या माणसाने ठरवून रक्त टाळलं आणि तरी पोरं घाबरली, हे मला टोचलं खरं.

अल्ट्रामॅन पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तो पडद्यातल्या लढाईत नाही, रंगमंचावर. मालिका सुरू व्हायच्या एक आठवडा आधी, १० जुलै १९६६ ला, तोक्योतल्या सुगिनामीच्या सार्वजनिक सभागृहात झालेला एक जत्रेसारखा कार्यक्रम दाखवला गेला. समोर खरी पोरं बसलेली, आणि मंचावर राक्षस आणि अल्ट्रामॅन. म्हणजे टिपणातला टोमणा उलटा फिरतो. हे नाटकच होतं, सुरुवात नाटकानेच झाली.

एवढं सगळं म्हटल्यावर टिपणाच्या लेखकांना वाटेल, हा मुखवटेवाला आंधळा भक्त आहे. नाही. मालिकेत दोष आहेत, आणि भरपूर आहेत. फक्त ते रबरात नाहीत.

पहिला म्हणजे तोचतोचपणा. राक्षस येतो, विमानं उडतात, विमानं पडतात, हयाता कुठेतरी आडोशाला जातो, अल्ट्रामॅन उभा राहतो, कुस्ती होते, दिवा लाल होतो, मग तो हातांची फुली करतो आणि किरण सोडतो. नातवाने सहाव्या भागाला विचारलं, “आबाजी, हा किरण पहिलेच काहून नाही सोडत?” मी म्हटलं, मग उरलेला वेळ काय दाखवायचं? तो म्हणाला, “मग लवकर संपवायचं, जेवायचं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या नाटकात पोलीस शेवटच्या अंकातच का येतात, यालाही नसतं.

दुसरा दोष फुजी नावाच्या मुलीचा. म्हणजे तिचा नाही, तिला लिहिणाऱ्यांचा. राक्षसांशी लढणाऱ्या पाच जणांच्या विज्ञान पथकात ती एकटी बाई. हुशार आहे, धीट आहे, बंदूकही चालवते. पण बहुतेक वेळा काम काय, तर वायरलेसवर बसणं. एका भागात मेफिलास नावाचा परग्रहवासी तिला इमारतींएवढी उंच करतो आणि ती शहर तुडवते, तेही स्वतःच्या मनाने नाही. सून म्हणाली, “बाबा, एवढी मोठी केली तरी हिला काही बोलू दिलं नाही.” झाडीपट्टीत बायकांच्या नावावर तिकीट खपतं आणि पोस्टरवर त्यांचेच फोटो असतात. पण बोलायला वाक्यं किती, हे मी कधी मोजलं नव्हतं. या सीझनला मोजणार आहे.

तिसरा दोष मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो दुसऱ्याच भागात आहे. खेकड्यासारख्या पंजांचे बाल्टान नावाचे परग्रहवासी येतात. त्यांच्या ग्रहावर एका माथेफिरू शास्त्रज्ञाने अणुस्फोट केले आणि ग्रह नष्ट झाला. तेव्हा प्रवासात असलेले तेवढे वाचले. जहाजात जंतूएवढे बारीक होऊन झोपलेत २०३ कोटी जीव. त्यांना राहायला जागा हवी. थोडी बोलणी होतात, मंगळावर जा म्हटलं जातं, मंगळावर त्यांना न सोसणारं द्रव्य आहे म्हणून ते नाही म्हणतात. बोलणी फिसकटतात. शेवटी अल्ट्रामॅन त्यांचं जहाज उचलून नेतो, आणि ते नष्ट होतं. पथक खूष, वाद्यं वाजतात, भाग संपला.

मी सुनेला म्हटलं, आकडा परत वाच. तिने परत वाचला. २०३ कोटी. आपल्या देशाहून मोठी वस्ती अर्ध्या मिनिटात गेली, आणि कोणी टोपीही काढली नाही. बाल्टानचं वागणं बरं नव्हतं, तो दंडेलीवर उतरला होता, मान्य. पण घर गेलेल्यांची एवढी मोठी गोष्ट हातात घ्यायची आणि नंतर ती फटाक्यासारखी फोडून मोकळं व्हायचं, हे लेखनाचं दुबळेपण आहे. टिपणात यावर एक ओळ असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. पुठ्ठा दिसला, हे दिसलं नाही.

आणि गंमत म्हणजे ही चूक त्यांना पुढे कळलेली दिसते. पुढचे काही भाग या दुसऱ्या भागाला दिलेलं उत्तर असावेत असं मला वाटलं.

गोमोरा घ्या. दूरच्या बेटावर सापडलेला जुन्या काळचा राक्षस. त्याला ओसाकाच्या प्रदर्शनात मांडायचं म्हणून माणसं विमानाने उचलून आणतात. वाटेत तो जागा होतो, वरून पडतो, आणि मग चिडून ओसाकाचा किल्ला पाडतो. राक्षसाने काय केलं होतं? झोपला होता. हा दोन भागांचा मामला आमच्या घरी जरा शांतपणेच पाहिला गेला. आमच्या तालुक्यात वाघ आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपणाला गेलेली माणसं वाघाने मारली आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या घरी मी बसून आलोय. त्यामुळे वाघाचा पुळका येऊन बोलणारा मी नाही. पण भुलीचं इंजेक्शन मारून पिंजऱ्यात घातलेला वाघ नागपूरच्या गोरेवाडा प्राणीसंग्रहालयात जाण्याआधी मी एकदा पाहिला. ट्रकभोवती दोनशे माणसं मोबाईल वर धरून उभी होती. गोमोरा पाहताना मला तो पिंजरा दिसला. नातवाने विचारलं, चूक कोणाची. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाणी आणतो, आणि उठलो.

सीबोझू नावाचा हाडांचा राक्षस आहे, त्याला कोणाशीच भांडायचं नाही. चुकून पृथ्वीवर पडलाय आणि आकाशाकडे बघून गळा काढतो, रुसलेल्या पोरासारखा पाय ओढत चालतो. अल्ट्रामॅन त्याला मारत नाही, ओढत ओढत अग्निबाणापाशी नेतो, घरी पाठवायला. त्याच भागात पथकातली माणसं आजवर मारलेल्या राक्षसांसाठी विधीने प्रार्थना करतात. रबर घालून असं रुसता येणं सोपं नाही, हे मी लिहून देतो.

आणि जमिला. तेविसावा भाग. दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी. हा माणूस कॅमेरा कुठेही ठेवतो, कधी दिव्याच्या आड, कधी चेहऱ्याला चिकटवून. जमिला हा राक्षस मुळात माणूस होता, अंतराळवीर. यान भरकटलं, पाणी नसलेल्या ग्रहावर पडलं. त्याच्या देशाने लोकांपासून ते लपवलं आणि त्याला तसंच सोडून दिलं. पाण्यावाचून जगता जगता त्याचं शरीर भेगाळलं, राक्षस झालं, आणि तो परत आला सूड घ्यायला. पथकाला वरून हुकूम येतो की हा माणूस आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही, राक्षस म्हणूनच मारा. पथकातला विनोदी इदे, ज्याच्या चाळ्यांना टिपणात घसा फोडणं म्हटलंय, तोच इथे लढायला नाही म्हणतो.

जमिलाला आग काही करत नाही. त्याला मारतं ते पाणी. अल्ट्रामॅन हातातून पाण्याची धार सोडतो आणि तो चिखलात लोळत, देशोदेशीच्या झेंड्यांवरून हात ओढत, तान्ह्या पोरासारखा रडत मरतो. नंतर त्याच्या नावाची पाटी लावतात, मोठे मोठे शब्द लिहिलेली. इदे म्हणतो ते साधारण असं, की बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी शब्दच तेवढे सुंदर येतात.

आमचा भाग तळ्यांचा, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा. पाण्याने माणूस मरतो ते बुडून. ज्याला वर्षानुवर्षं पाणी मिळालं नाही त्याला शेवटी पाण्यानेच मारायचं, ही कल्पना ज्या डोक्यात आली त्याला मी इथूनच हात जोडले. घरी कोणी बोललं नाही. बाहेर तेव्हाच पाऊस सुरू झाला होता, पण रोवणीची आठवण कोणी काढली नाही.

बाकीचं भरभर सांगतो. विनोद सगळे जमलेले नाहीत, पण हयाता घाईत नळीच्या ऐवजी जेवणाचा चमचा वर धरतो ते आमच्याकडे तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. विमानांच्या दोऱ्या काही ठिकाणी दिसतात. शेवटच्या भागात झेट्टॉन नावाचा राक्षस अल्ट्रामॅनला हरवतो आणि त्याला मारतो तो माणसांनी बनवलेला छोटासा बाँब. देव हरला आणि प्रयोगशाळा जिंकली, हे मला आवडलं. नातवाला नाही आवडलं, तो जेवला नाही.

मालिका बंद झाली ती लोक कंटाळले म्हणून नाही. सरासरी ३६.८ टक्के घरांत ती पाहिली जात होती, एका भागाला तर ४२.८ टक्के. पण दर आठवड्याला एवढे राक्षस, एवढी शहरं उभी करायची आणि मोडायची, ते काम वेळेत होईना. हे आम्हाला शिकवायला नको. एका कंपनीने एकदा एकाच रात्री दोन गावांच्या तारखा घेतल्या, आणि माझ्याकडे बकासुर एकच. पहिल्या गावात दुसऱ्या अंकात मेलेला बकासुर रात्री एक वाजता मोटारसायकलवर मागे बसून जंगलातून दुसऱ्या गावी निघाला. पोशाख काढला तर परत घालायला अर्धा तास लागतो, म्हणून तसाच. नाक्यावरच्या वनरक्षकाने बॅटरी मारली आणि काही न विचारता फाटक उघडलं. त्या रात्रीचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.

टिपण लिहिणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की मंडईच्या दिवसांत या, एक नाटक पुढच्या रांगेत बसून पाहा, दुसरं पडद्यामागून पाहा. मुक्काम माझ्याकडे. थंडीचं पांघरूण सोबत आणा, पहाटे फार गारठा पडतो. तिकडे बसूनही तुम्हाला ते भडक वाटलं तर तसं खुशाल लिहा, मी टपरीवर स्वतः वाचून दाखवीन.

पत्र छापलंत तर कृपया नाव छापू नका. सीझन तोंडावर आहे आणि बाकी येणं आहे.

नातू नागपूरला परत गेला. जाताना टी-शर्टचा गळा डोक्यावरून ओढून, फक्त चेहरा बाहेर ठेवून, अंगणभर जमिला होऊन फिरत होता. जपानची पोरंही तेव्हा असंच करायची म्हणे. दिवाळीत येईन तेव्हा खरा जमिला करून ठेवा, असं बजावून गेलाय. बारदाना आणलाय, भेगा पाडायला सुकलेल्या तळ्यातली माती लावून पाहिली, ती जमली. पण या राक्षसाला मानच नाही, खांदे थेट डोक्यापर्यंत चढलेले. आत नऊ वर्षांचं पोर उभं केलं तर त्याचे डोळे राक्षसाच्या छातीवर येतात. तिथे भोकं पाडली तर दिसतात, न पाडली तर पोट्टा विहिरीत जाईल. दोन रात्री झाल्या, अजून सुचलेलं नाही.

आपला,
एक मुखवटेवाला
(तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर)